ओझ्याची वाट

सह्याद्रीच्या पश्चिमेला समुद्र आहे. तिथे मीठ पिकते. पूर्वेला देश आहे. तिथे ज्वारी पिकते. मिठागरात राबणाऱ्या माणसाचे पोट मिठाने भरत नाही आणि देशावरील शेतकऱ्याच्या भाकरीला मिठावाचून चव येत नाही. दोघांनाही एकमेकांचे हवे असते. पण दोघांच्या मध्ये डोंगराची उंच भिंत उभी आहे. निसर्गाची ही रीतच आहे. त्याने वस्तू एका ठिकाणी निर्माण केल्या आणि त्यांची गरज दुसऱ्या ठिकाणी ठेवली. या दोहोंमधले अंतर तोडण्यासाठी माणसाने जी नाना साधने शोधून काढली, त्यांनाच आपण मालवाहू वाहने म्हणतो.

प्रवासी गाडीकडे सर्वांचे लक्ष जाते. तिच्या खिडकीतून हात हालतात, तिच्या स्वागताला माणसे फलाटावर उभी राहतात. मालगाडी मात्र निमूटपणे येते आणि निमूटपणे जाते. तिला निरोप देण्यास कोणी येत नाही. तरीही सकाळच्या चहातील साखर, अंगावरचा सदरा, हातातले पुस्तक आणि घराच्या भिंतीतली वीट यांपैकी प्रत्येक वस्तू कधी ना कधी कोणत्या तरी वाहनात बसून आलेली असते.

सह्याद्री ओलांडणारे पहिले मालवाहू वाहन म्हणजे बैलाची पाठ. त्या काळी घाटातल्या वाटा इतक्या अरुंद व खडकाळ होत्या, की तिथे चाक चालणे शक्यच नव्हते. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन या वाटांनी ये-जा करीत. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लटकत असे. उतरताना गोणीत धान्य असे आणि चढताना मीठ. तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या बैलाला घुंगुरमाळा घालून सजवीत. त्या आवाजाच्या मागोमाग बाकीचे बैल धुक्यातूनही वाट न चुकता चालत. दिवसाकाठी चार-पाच कोस चालावे, पाणी व चारा दिसेल तिथे गोण्या उतरवून मुक्काम करावा आणि पहाटे पुन्हा गोण्या लादाव्यात, असा त्यांचा क्रम असे. मोठमोठ्या सैन्यांच्या छावण्यांनाही हेच तांडे धान्य पुरवीत. परंतु एका बैलाच्या पाठीवर जेमतेम शंभर-सव्वाशे किलो ओझे मावते. त्यामुळे घाटापलीकडून आलेली वस्तू थोडी असे आणि महागही असे.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पाठीवरचे ओझे चाकावर आले. जो बैल पाठीवर एक गोणी नेत असे, तोच जोडीदारासह गाडीला जुंपला, की आठ-दहा क्विंटल माल ओढू लागला. ही जादू बैलाच्या अंगात नव्हती. ती चाकात होती. ओझे पाठीवर असले, म्हणजे ते पेलण्यातच बैलाची निम्मी शक्ती खर्च होते. चाक ते ओझे स्वतःच्या अंगावर घेते. बैलाने फक्त ते पुढे ओढायचे असते.

बैलगाडी दिसायला साधी. पण तिच्या प्रत्येक भागामागे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. कठीण लाकडाचा तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे आणि सभोवार पक्की बसलेली लोखंडी धाव. ही धाव तापवून चाकावर चढवीत. गार होताना लोखंड आकसते आणि चाकाला असे आवळून धरते, की खिळ्यांचीही फारशी गरज उरत नाही. आसावर चाक घासून झिजू नये, म्हणून त्याला वंगण लागे. हे वंगण बांबूच्या नळ्यात भरून तो नळा गाडीला टांगलेला असे. गाडी पंढरीला निघाली, की तोही आपोआप पंढरीला जाई. त्यावरूनच ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आली. म्हणीत नळ्याची थोडी थट्टा आहे. पण तो नळा रिकामा असता, तर यात्रा अर्ध्या वाटेवरच संपली असती, हेही विसरून चालत नाही.

पुढे लोखंडी रस्ता आला. भारतात लोहमार्गाचा आरंभ माणसांसाठी नव्हे, तर मालासाठी झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी प्रवासी गाडी धावली. परंतु त्याआधीच, १८३७ साली, मद्रासजवळील रेड हिल्स येथे दगड वाहण्यासाठी लोहमार्ग घातला गेला होता.

ठाण्यापर्यंत आलेल्या आगगाडीला देशावर न्यायचे, तर पुन्हा तोच सह्याद्री आडवा होता. १८५६ साली बोरघाटात काम सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेवर २५ बोगदे खणावे लागले. काही ठिकाणी चढ असा, की गाडी ३७ फूट पुढे जाईपर्यंत एक फूट वर चढे. काम ऐन भरात असताना तिथे ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. दोरांनी कड्यावर लोंबकळत ते सुरुंगाची भोके पाडीत. पटकीच्या साथीने आणि अपघातांनी त्यांतील कित्येकांचे बळी घेतले. १८५९ मध्ये या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच थोड्या दिवसांत मरण पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते काम आपल्या अंगावर घेतले आणि ते तडीस नेले. १८६३ साली आगगाडी घाट चढून वर आली. आजही कर्जतहून वर चढणाऱ्या जड गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. डोंगर आहे तिथेच आहे. फक्त त्याला उत्तर देणारे बळ वाढले आहे.

मालगाडीच्या डब्याला मराठीत मोठे झोकदार नाव आहे. त्याला ‘वाघीण’ म्हणतात. आजच्या एका मोठ्या वाघिणीत सुमारे ६० टन कोळसा मावतो. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो धरले, तर एका वाघिणीत सहाशे बैलांचे ओझे बसते. आणि कोळशाच्या एका मालगाडीला अशा पन्नासहून अधिक वाघिणी असतात. एवढा मोठा तांडा कोणत्याही लमाणाने स्वप्नातही पाहिला नसेल.

तथापि, वाहन मोठे झाले म्हणजे माणसाची सगळी दुःखे संपली, असे मात्र झाले नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरवली, पिके जळाली. लोहमार्गाने दूरदूरचे धान्य काही स्थानकांपर्यंत आले. पण स्थानकापासून आतल्या गावांपर्यंत ते नेणार कोण? चाऱ्यावाचून बैल मरत होते. ज्या प्राण्याने धान्य ओढायचे, त्याच्याच दावणीला वैरण नव्हती. दुष्काळात माणूस उपाशी राहतो, तसे वाहनही उपाशी राहते. आणि वाहन कोसळले, म्हणजे माणसाचा आधारही कोसळतो.

याहून मन विषण्ण करणारी गोष्ट वेगळीच आहे. दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत असताना त्याच वर्षांत भारतातला गहू जहाजे भरभरून इंग्लंडला जात होता. तो बंदरापर्यंत आणण्याचे काम आगगाड्याच करीत होत्या. जिथे भूक मोठी तिकडे धान्य गेले नाही. जिथे दाम मोठा तिकडे ते गेले. यात दोष इंजिनाचा नव्हता, रुळांचा नव्हता आणि वाघिणींचाही नव्हता. चाकाला वेग असतो, बळ असते. परंतु दिशा नसते. ती दिशा माणूस देतो. मालवाहू वाहनांच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

आगगाडी रुळांची बांधलेली. ती स्थानकापाशी थांबते आणि पुढची वाट दुसऱ्यावर सोपवते. ही उणीव मालमोटारीने, म्हणजेच ट्रकने, भरून काढली. ती शेताच्या बांधापर्यंत जाते आणि शहरातल्या दुकानाच्या पायरीपाशी येऊन उभी राहते. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव हे आशियातील मोठ्या कांदा-बाजारांपैकी एक. तिथे शेतकरी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून कांदा आणतात, लिलाव होतो, आणि मग तोच कांदा ट्रकांत चढून देशाच्या कानाकोपऱ्यांत जातो.

कोणते ओझे कसे न्यावे, हे त्या ओझ्याचा स्वभाव ठरवतो. कांद्याला वारा हवा. तो कोंडला, की सडतो. म्हणून त्याच्या गोण्या जाळीदार असतात. द्राक्षाला थंडी हवी. म्हणून नाशिकची द्राक्षे शीतपेटीत बसून न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात. दुधाच्या टाकीला दुहेरी भिंत असते, म्हणजे बाहेरचे ऊन आतल्या दुधाला लागत नाही. तेलाला बंद पोट लागते, तर वाळूला उघडे. चांगले वाहन चांगल्या यजमानासारखे असते. आलेल्या पाहुण्याची प्रकृती पाहून ते त्याची व्यवस्था लावते.

ट्रक चालतो तो दोन माणसांच्या जिवावर. एक चालक, दुसरा त्याचा साथीदार क्लीनर. मागे ताडपत्री करकचून बांधलेली, पुढे देवाच्या तसबिरीला फुलांची माळ, आणि समोर न संपणारा रस्ता. सगळे गाव झोपलेले असते, तेव्हा हे दोघे घाटातली वळणे घेत असतात. सणासुदीचा फराळ घरोघरी वेळेवर व्हावा, म्हणून साखर आणि तेल पोचवणारा माणूस पुष्कळदा स्वतःच्या घरच्या सणाला मुकतो. आणि गोणी ट्रकात चढवतो तो हमाल. हजारो बैलांचे काम यंत्राने उचलले. तरी गोदामाच्या दारापासून ट्रकाच्या फळीपर्यंतची चार पावले अजूनही अनेक ठिकाणी माणसाच्या पाठीवरूनच जातात. या कष्टकऱ्यांना संरक्षण मिळावे, म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. ओझ्याला जशी किंमत असते, तशी ते वाहणाऱ्या पाठीलाही असते, ही जाणीव त्या कायद्यात आहे.

‘कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी’ अशी एक जुनी म्हण आहे. नाव तयार झाली, की ती गाडीवरून नदीपर्यंत जाते आणि नदीत गाडीला नावेत बसावे लागते. या म्हणीचा नवा अवतार कोकणात पाहावयास मिळतो. १९९९ साली कोकण रेल्वेने मालाने भरलेले ट्रकच रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास प्रारंभ केला. कोलाडला ट्रक गाडीवर चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतो. वाटेतल्या घाटांची वळणे टळतात, डिझेल वाचते, आणि रात्रंदिवस चाक धरणाऱ्या चालकाला आपल्याच ट्रकात बसल्या जागी चार घटका झोप मिळते. आगगाडी आणि ट्रक यांनी एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी एकमेकांना खांदा दिला, म्हणजे काय साधते, हे इथे दिसते.

या साऱ्या शोधांची खरी परीक्षा मात्र सुखाच्या दिवसांत होत नाही. ती संकटात होते. अशी एक परीक्षा २०१६ साली झाली. मराठवाड्यात लागोपाठ अवर्षण पडले होते. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण आटले. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत, म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. इकडे मिरजेला कृष्णेचे पाणी होते. पण मध्ये सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर होते. तेव्हा तेल वाहणाऱ्या वाघिणी राजस्थानातील कोटा येथे वाफेने स्वच्छ धुण्यात आल्या. त्या मिरजेला आणून त्यांत पाणी भरले, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी नेऊ लागली, आणि पावसाळ्यापर्यंत हा क्रम चालू राहिला. तेल वाहण्यासाठी बनलेली वाघीण तहानलेल्या शहराची घागर झाली.

या गाडीच्या वाटेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कुर्डुवाडी ते लातूर हा लोहमार्ग पूर्वी ‘बार्शी लाइट रेल्वे’ म्हणून ओळखला जाई. १८९७ साली तो कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत झाला आणि १९११ साली लातूरला पोचला. त्याच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. मोठ्या लोहमार्गाचे अंतर साडेपाच फूट. त्यामुळे कुर्डुवाडीला आलेला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. पाण्याच्या गाडीआधी काही वर्षेच तो मार्ग रुंद करण्यात आला होता. तो अरुंदच राहिला असता, तर कोट्याहून आलेल्या मोठ्या वाघिणी लातूरला जाऊच शकल्या नसत्या. रूळ रुंद करणाऱ्या मजुरांनी तेव्हा या पाण्याचा विचार केला नसेल. पण चांगले केलेले काम असे अवचित कोणाच्या तरी तहानेच्या वेळी उपयोगी पडते.

दुसरी परीक्षा २०२१ सालची. कोरोनाच्या साथीत रुग्णालयांना प्राणवायू अपुरा पडू लागला. प्राणवायू वायुरूपात न्यायचा, तर त्याला फार जागा लागते. म्हणून तो शून्याखाली १८३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करतात. एका लिटर द्रवापासून आठशेहून अधिक लिटर वायू मिळतो. हा द्रव ज्या टँकरात भरतात, त्याला दोन भिंती असतात आणि मध्ये निर्वात पोकळी असते. चहा गरम ठेवणाऱ्या थर्मासचेच तत्त्व इथे थंडावा राखते. १९ एप्रिल २०२१ रोजी पनवेलजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले.

इथेही सह्याद्री आडवा आलाच. वाघिणीवर टँकर ठेवला, की त्याची उंची वाढते आणि मुंबईजवळच्या घाटांतील मार्गावर तेवढी उंची बसत नव्हती. म्हणून ती गाडी वसई, सुरत, भुसावळ अशा लांबच्या वाटेने नेण्यात आली. १,८५० किलोमीटरहून अधिक अंतर तिने सुमारे ५० तासांत तोडले. परतताना भरलेले टँकर जपून आणावे लागले; एकदम वेग वाढवणे किंवा एकदम गाडी रोखणे धोक्याचे होते. २३ एप्रिलला नागपूर आणि २४ एप्रिलला नाशिक येथे तो प्राणवायू पोचला. गोण्या लादलेल्या बैलांना ज्या डोंगराने अरुंद वाटेने चालावयास लावले, त्याच डोंगराने या गाडीलाही वळसा घालावयास लावला. पण अडवू मात्र शकला नाही.

१८७७ सालीही रूळ होते आणि २०१६ व २०२१ सालीही रूळ होते. तेव्हाही इंजिनात बळ होते आणि आजही आहे. फरक पडला तो गाडी कोणाकडे वळवायची, या निर्णयात. लातूरचे पाणी काय किंवा नाशिकचा प्राणवायू काय, तिथे आधी गरज पाहिली गेली आणि मग तिच्या दिशेने चाके फिरली. त्यासाठी कोणी वाघिणी धुतल्या, कोणी नळ जोडले, कोणी उंची मोजली, कोणी रात्रभर सिग्नलचे दिवे सांभाळले. यांपैकी बहुतेकांची नावे कुठेही छापून आली नाहीत. वंगणाच्या नळ्यासारखे ते गाडीबरोबर होते आणि त्यांच्यामुळेच गाडी पोचली.

आपल्या ताटात मीठ वाढले जाते, तेव्हा ते किती दुरून आले, हे ध्यानात येत नाही. ते वाहून आणणाऱ्या बैलाची, चाकाची, रुळाची आणि माणसाची आठवण क्षणभर जरी झाली, तरी त्या चिमूटभर मिठाचे मोल वेगळेच वाटू लागते. फाटकापाशी मालगाडी आडवी येते आणि पुष्कळ वेळ जाता जात नाही. थांबलेली मुले मग तिच्या वाघिणी मोजू लागतात. मोजताना सोबत एवढाच प्रश्न मनात यावा, की हिच्यात काय भरले आहे, आणि पुढच्या गावी त्याची वाट कोण पाहत असेल?